करगणकाचे अर्धे उत्तर

प्राप्तिकराचा हिशेब आता कोणालाही घरबसल्या करता येतो, असे वारंवार सांगण्यात येते. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर त्यासाठी टॅक्स कॅल्क्युलेटर, म्हणजे करगणक, ठेवलेला आहे. वर्ष निवडावे, करप्रणाली निवडावी, वय आणि वार्षिक उत्पन्न लिहावे, वजावटी आणि आधी कापला गेलेला कर नोंदवावा, की क्षणात उत्तर मिळते. शाळेतील शिक्षक किंवा कचेरीतील कारकून यांच्यापुरते हे विधान बव्हंशी खरे आहे. कारण त्यांच्या उत्पन्नाचा आकडा दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून दिलेला असतो. ज्याला वर्षानुवर्षे ‘फॉर्म सोळा’ म्हणून ओळखले गेले त्या प्रमाणपत्रात वेतन किती, वजावट किती आणि कापलेला कर किती हे सारे मांडलेले असते. करगणकात ते आकडे उतरवून घेणे एवढेच काम उरते.

परंतु जो कोणाचा नोकर नाही, त्याची गोष्ट निराळी आहे. दोन-तीन रुग्णालयांत ठराविक वारी जाणारा दंतवैद्य, घरोघर जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा आयुर्वेद पदवीधर, वृद्धांच्या शुश्रूषेची कामे स्वतंत्रपणे घेणारी परिचारिका यांना करगणक जो पहिला प्रश्न विचारतो तोच त्यांचा शेवटचा प्रश्न असतो : तुमचे उत्पन्न किती? रुग्णांकडून आलेली रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. तिच्यातून जागेचे भाडे, औषधे, उपकरणांची घसारा-रक्कम, मदतनिसाचा पगार आणि प्रवास वजा जावयाचा असतो. त्यातील काय वजा करता येते आणि काय नाही, हे कायद्याने ठरते. म्हणजे हिशेबातील अवघड भाग नागरिकाने आधीच उरकावा आणि सोपा गुणाकार तेवढा यंत्राने करावा, अशी ही श्रमविभागणी आहे.

डॉक्टरांच्या करहिशेबाची चिंता इतरांनी कशासाठी करावी, अशी शंका येथे कोणी घेईल. वैद्यकीय व्यवसाय म्हटला की मोठ्या शहरातील शल्यविशारद आणि त्याचे भव्य रुग्णालय डोळ्यांसमोर येते. त्याच्या पदरी सनदी लेखापाल असतो आणि त्याला करगणकाची गरजही नसते. पण आरोग्यसेवा केवळ त्याच्यावर चालत नाही. फिजिओथेरपीसारख्या अनेक सहायक व्यवसायांना २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने रीतसर ओळख दिली. या व्यवसायांतील पुष्कळ तरुण-तरुणी पगारी नोकरीऐवजी ‘व्हिजिटिंग’ किंवा ‘कन्सल्टंट’ या नावाने काम करतात. हे नाव भारदस्त आहे. त्यामागील मिळकत नेहमीच तशी नसते. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेकांच्या वाट्याला उद्या हाच प्रकार येणार असल्याने हा प्रश्न एका सुखवस्तू वर्गापुरता राहिलेला नाही.

सरकारने या लोकांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०१६ साली ४४ एडीए हे कलम घालण्यात आले. विशिष्ट व्यवसाय करणाऱ्याची वर्षाची एकूण जमा ५० लाख रुपयांच्या आत असेल, तर तिच्या निम्मी रक्कम हेच त्याचे उत्पन्न मानावे, असा त्याचा आशय होता. खर्चाच्या पावत्या सांभाळण्याचा आणि वह्या ठेवण्याचा जाच त्यामुळे टळला. रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ही मर्यादा २०२३-२४ या वर्षापासून ७५ लाखांपर्यंत गेली. नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. अनुमानित उत्पन्नाची ही कल्पना निःसंशय हितकारक होय.

मात्र तिच्याही उंबरठ्यावर एक अडचण आहे. जुन्या कायद्याच्या ४४ एए या कलमात जे व्यवसाय मोजून दिले होते, त्यांत ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द होता. त्या एका शब्दात दंतवैद्य येतो हे उघड आहे. फिजिओथेरपिस्ट येतो काय? वाचोपचार करणारी येते काय? स्वतंत्रपणे काम करणारी परिचारिका येते काय? सल्लागार आपापल्या समजुतीप्रमाणे उत्तर देतात. येथे मार्ग दाखविणे हे खरे पाहता करगणकाचे काम होते. ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारून त्याने नियमाचा अर्थ सांगावयास हवा होता. तो विचारतो फक्त उत्पन्नाचा आकडा.

या उणिवेची किंमत काय पडते हे एका साध्या कल्पित उदाहरणावरून दिसेल. एक तरुण दंतवैद्य एका खाजगी रुग्णालयात ठराविक दिवशी जातो आणि त्याला महिना ६०,००० रुपये व्यावसायिक शुल्क मिळते. वर्षाची जमा ७,२०,००० रुपये झाली. अनुमानित पद्धतीने उत्पन्न ३,६०,००० रुपये धरले जाईल. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर करच नाही. अर्थात त्याचा कर शून्य. पण व्यावसायिक शुल्क देताना दहा टक्के कर कापून घेण्याचे बंधन रुग्णालयावर आहे. त्यामुळे वर्षभरात ७२,००० रुपये, म्हणजे त्याच्या एका महिन्याच्या मिळकतीहून अधिक रक्कम, सरकारजमा झालेली असते. विवरणपत्र भरल्याखेरीज ती परत मिळत नाही. कमी दराने कपात व्हावी म्हणून आधीच प्रमाणपत्र मागण्याची सोय कायद्यात आहे; पण ती सोय आपल्यासाठी आहे हे त्याला कोण सांगणार? करगणक त्याला ‘कर शून्य’ एवढे उत्तर देईल. तुझे ७२,००० रुपये अडकून पडणार आहेत आणि ते टाळण्याचा अमुक मार्ग आहे, हे त्या उत्तराचे दुसरे अर्धे अंग होते. तेच नेमके गाळले जाते. शिवाय परताव्यावर सरकार महिना अर्धा टक्का व्याज देते आणि नागरिकाचा आगाऊ कर कमी पडला तर महिना एक टक्का घेते. अज्ञानाचा भुर्दंड कोणत्या बाजूला अधिक बसतो, हे या दोन दरांनीच सांगितले आहे.

मिळकत वाढू लागली म्हणजे गुंता अधिकच वाढतो. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. पण बारा लाख हे उत्पन्न असते, जमा नव्हे, हा भेद त्या वाक्यात उतरत नाही. पगारदाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट व्यावसायिकाला नाही, हेही त्यात येत नाही. अनुमानित पद्धतीने २४ लाखांच्या जमेवर बारा लाखांचे उत्पन्न धरले जाते आणि कर शून्य होतो. जमा २४,२०,००० झाली तर उत्पन्न १२,१०,००० होते. दरपत्रकाप्रमाणे त्यावर ६१,५०० रुपये कर निघतो. परंतु सीमांत सवलतीमुळे तो १०,००० रुपयांवर थांबतो आणि चार टक्के उपकर धरून १०,४०० रुपये भरावे लागतात. सामान्य नागरिकाने हा हिशेब कागदावर मांडावा ही अपेक्षा अवास्तव आहे. आगाऊ कराचेही तसेच. अनुमानित पद्धती स्वीकारणाऱ्याने तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावयाचा, तर हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याने जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत.

यानंतर राज्य सरकारचा व्यवसाय कर येतो. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो बसविण्यात आला आणि रोजगार हमी योजनेसाठी निधी उभा करणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. व्यावसायिकाने स्वतःच्या नावे वर्षाला २,५०० रुपये भरावयाचे, ही रक्कम काही मोठी नव्हे. परंतु तिची नोंदणी वेगळी, संकेतस्थळ वेगळे आणि मुदतही वेगळी. दवाखान्यात पगारी मदतनीस ठेवला तर त्याच्या वेतनातून व्यवसाय कर कापण्यासाठी आणखी एक नोंदणी. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवा मुक्त आहे. पण केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचार मुक्त नाहीत. अशा प्रकारे एका छोट्या दवाखान्याचा हिशेब तीन दारांशी विभागलेला आहे. तिन्ही दारांचा एकत्र नकाशा दाखविणारा एकही सरकारी गणक नाही.

याहूनही गंभीर बाब पुढेच आहे. विभागाच्या करगणकाखाली एक सूचना असते. हा गणक केवळ झटपट अंदाजासाठी आहे, सर्व परिस्थितींत तो बिनचूक उत्तर देईल असा दावा नाही, विवरणपत्र भरताना कायदा आणि नियम यांनुसारच हिशेब करावा, असे तिचे तात्पर्य. म्हणजे ज्याने कायदा केला, दर ठरविले आणि यंत्रही बनविले, तो स्वतःच्या उत्तराची जबाबदारी घेत नाही. आणि ज्याने यापैकी काहीच केले नाही त्या नागरिकाने मात्र आपले उत्तर बिनचूक असल्याची सत्यप्रतिज्ञा विवरणपत्रावर करावयाची. २०२० च्या ऑगस्टमध्ये करदात्यांची सनद जाहीर झाली. करदात्याला प्रामाणिक मानावे आणि कर्तव्यपालनासाठी त्याला अचूक माहिती पुरवावी, ही वचने तिच्यात आहेत. सनदेतील अचूक माहितीचे वचन आणि गणकाखालील ती सूचना यांची सांगड कशी घालावयाची? ॲडम स्मिथने १७७६ साली करांची जी तत्त्वे सांगितली त्यांत निश्चिततेला मानाचे स्थान दिले होते. करातील थोडी अनिश्चितता ही मोठ्या विषमतेहूनही अधिक अपायकारक होय, असे त्याचे मत होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाणारे हे तत्त्व अडीचशे वर्षांनंतरही संगणकाच्या पडद्यावर उतरू नये, हे नवलाचे आहे.

नव्या प्राप्तिकर कायद्याने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. २०२५ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिवस ठरलेला हा कायदा जुन्याच्या मानाने आटोपशीर आहे. ८१९ कलमांची ५३६ झाली, पाच लाखांहून अधिक शब्दांचे सुमारे दोन लाख साठ हजार झाले, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडगोळी जाऊन ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली. हे स्वागतार्हच आहे. परंतु भाषा सुबोध होणे आणि हिशेब सुगम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दर, सवलती, मुदती आणि पात्रतेच्या अटी जोवर तेवढ्याच आहेत, तोवर शब्द निम्मे झाले तरी आकडेमोड निम्मी होत नाही.

याबाबतीत फ्रान्सचा अनुभव पाहण्यासारखा आहे. त्या देशात १९४५ पासून सामाजिक सुरक्षेची व्यापक व्यवस्था असून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनाही तिच्यात सक्तीने अंशदान द्यावे लागते. ही अंशदाने ‘युर्साफ’ नावाच्या संस्थांच्या जाळ्यामार्फत वसूल होतात. त्यांच्या संकेतस्थळावर डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, सुईण, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी निरनिराळे गणक आहेत. व्यवसायातील जमा आणि खर्च सांगितला की आरोग्य विम्याचे, निवृत्तिवेतनाचे व इतर अंशदान किती, प्राप्तिकर किती आणि हातात काय उरेल हे एकत्र दिसते. कोणती रक्कम कोणत्या निधीत जाते तेही कळते. सरकारमान्य दरकराराशी बांधलेल्या वैद्यकीय व्यावसायिकांच्या अंशदानाचा काही भाग तेथील आरोग्य विमा संस्था उचलते. गणक त्याचाही विचार करतो. विशेष म्हणजे गणकामागील नियम सर्वांना वाचण्यास खुले ठेवलेले आहेत. कोणताही आकडा कसा आला, हे पायरीपायरीने तपासता येते.

तथापि तेथेही केवळ यंत्र चांगले करून भागले नाही. अंशदान ठरविण्यासाठी उत्पन्न हवे आणि उत्पन्न ठरविण्यासाठी अंशदान वजा हवे, असा एक चक्राकार हिशेब त्या कायद्यात होता. सामान्य माणसाला तो समजणे दुरापास्तच होते. २०२४ च्या सामाजिक सुरक्षा अर्थकायद्याने हे चक्र मोडले. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून सरसकट २६ टक्के कमी करावेत आणि राहील त्या एकाच पायावर साऱ्या वर्गण्या मोजाव्यात, असे ठरले. २०२५ च्या उत्पन्नापासून ती रीत स्वतंत्र व्यावसायिकांना लागू झाली. त्याआधी २०२३ मध्ये वैद्यकीय व्यावसायिकांचे कराचे आणि अंशदानाचे विवरण एक करण्यात आले होते. त्या व्यवस्थेत दोष उरलेले नाहीत असे नाही. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याकडून आरंभी ठोक रकमेवर अंशदान घेतले जाते आणि प्रत्यक्ष उत्पन्न कळल्यावर फरकाची मागणी एकदम अंगावर येते. परंतु गणक अवघड वाटत असेल तर दोष बहुधा त्याच्या मागच्या नियमात असतो, आणि नियम बदलल्याखेरीज पडदा सोपा होत नाही, हा धडा तेथील राज्यकर्त्यांनी घेतला.

फ्रान्समधील नागरिकाला त्या गणकात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती आपल्याकडे मुळीच दिसत नाही. दिलेल्या पैशाच्या बदल्यात मिळणारे संरक्षण ही ती गोष्ट होय. २०२१ च्या जुलैपासून तेथील स्वतंत्र व्यावसायिकाला आजारपणात चौथ्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत दैनिक भत्ता मिळतो. भारतातील व्हिजिटिंग दंतवैद्याचा हात मोडला तर त्या दिवसापासून त्याची मिळकत बंद. भविष्य निर्वाह निधी नोकरदारांसाठी. सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजाही नोकरदार स्त्रीसाठीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित क्षेत्रातील स्वयंरोजगारितांचा उल्लेख आहे. परंतु त्यालाही सरकार ठरवील त्या मासिक कमाईची मर्यादा आहे. अटल पेन्शन योजनेचे दार २०२२ च्या ऑक्टोबरपासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना बंद झाले. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्वांना खुली आहे. पण नव्या करप्रणालीत नोकरदाराच्या मालकाने त्याच्या खात्यात भरलेली रक्कम वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत करमुक्त, आणि व्यावसायिकाने स्वतः भरलेल्या रकमेला मात्र वजावट नाही. एकाच रुग्णालयात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या म्हातारपणाची तरतूद राज्य प्रोत्साहित करते आणि दुसऱ्याच्या तरतुदीकडे पाठ फिरविते. गणकात सामाजिक सुरक्षेचा रकानाच नसल्यामुळे हा भेदभाव कोणाच्या नजरेस येत नाही.

या विवेचनावर दोन आक्षेप येणे शक्य आहे. पहिला असा की, गणकाचे उत्तर सरकारवर बंधनकारक केले तर लबाड लोक खोटी माहिती भरून त्याचा आधार घेतील. परंतु खोटी माहिती देणाऱ्याला संरक्षण द्यावे असे कोणीच म्हणत नाही. माहिती खरी असूनही गणकाचे उत्तर चुकले तर मूळ कर जरूर घ्यावा. दंड आणि व्याज मात्र माफ असावे, एवढीच मागणी न्याय्य ठरेल. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने सद्भावनेने झालेल्या पहिल्या चुकीला दंड न करण्याचे तत्त्व मान्य केले. त्याने तेथील राज्य बुडाले नाही. दुसरा आक्षेप असा की, लेखापाल असताना याची गरज काय? गुंतागुंतीच्या व्यवहारांना लेखापाल लागणारच. पण ज्याचा कर शून्य आहे त्याला आपला कर शून्य आहे हे कळण्यासाठी शुल्क मोजावे लागावे, हा एक प्रकारे अघोषित करच होय. आणि तो सर्वांत कमी मिळकतीच्या व्यावसायिकाला सर्वांत अधिक जाचतो.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. स्वयंरोजगारितांच्या गणकाने उत्पन्नापासून नव्हे तर जमेपासून प्रारंभ करावा आणि व्यवसायाचे नाव माणसाच्या रोजच्या भाषेत विचारावे. कोणता व्यवसाय अनुमानित पद्धतीस पात्र आहे याची यादी विभागाने निःसंदिग्धपणे प्रसिद्ध करावी. प्रत्येक उत्तरासोबत त्यामागील नियम आणि पुढील मुदत दाखवावी; अडकलेली करकपात किती व ती कमी कशी करावी, हेही सांगावे. राज्याचा व्यवसाय कर त्याच पडद्यावर यावा. उत्तराला क्रमांक देऊन ते जतन करावे, म्हणजे पुढे वाद झाल्यास नागरिकाच्या हाती पुरावा राहील. आणि या साऱ्याच्या जोडीला आजारपण, प्रसूती व वार्धक्य यांसाठी आज काय तरतूद आहे, ती किती अंशदानाने किती होईल, हे सांगणारा दुसरा रकाना असावा. आज तो रकाना बराचसा रिकामा दिसेल हे खरे. पण रिकामा रकाना लाखो करदात्यांसमोर वर्षानुवर्षे उघडा राहिला, तर तो भरण्याची निकड संसदेलाही जाणवेल.

राज्य नागरिकाकडून हिशेब मागते तेव्हा तो समजावून देण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे येते. करगणक सोपा करणे म्हणजे चार प्रश्न कमी करणे नव्हे. अवघड प्रश्नांची उत्तरे देण्याचा भार नागरिकाच्या खांद्यावरून काढून कार्यालयाने आपल्या खांद्यावर घेणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. परक्यांच्या आजारपणात धावून जाणाऱ्यांना आपल्या स्वतःच्या आजारपणाची तजवीज काय आहे हे एका पडद्यावर दिसू नये, इतका काही तो हिशेब कठीण नाही.